उष्ण प्रदेशातील काकडी : बी गावाकडचे, पंचांग येथले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चेरीताल येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत कार्यकारिणीने काकडीसाठीही पाट मांडला, याबद्दल आम्ही प्रथम तिचे आभार मानतो. आम्ही शेतकीशास्त्राचे पंडित नव्हे. कला शाखेची बी. ए. पदवी आणि केंद्र सरकारच्या कचेरीतील टिप्पण्यांचा दीर्घ अभ्यास, एवढीच आमची विद्वत्ता. परंतु चेरीतालातील आमच्या घरामागे थोडे परस आहे, त्यात अनेक वर्षे काकडीचा वेल चढत आला आहे. आणि सरकारी सवयीप्रमाणे पेरणीची, पहिल्या फुलाची व पहिल्या फळाची तारीख आम्ही वहीत टिपून ठेवीत आलो आहो. ती वही आणि थोडेबहुत वाचन यांच्या आधारावर आजचे हे बोलणे आहे.

आरंभी नावाचा घोटाळा मिटविणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातून नव्याने आलेली गृहिणी येथील बाजारात 'काकडी' मागते, आणि भाजीवाला तिच्या हाती लांब, सडपातळ, फिकट हिरवी 'ककडी' ठेवतो. आपण जिला काकडी म्हणतो तिला येथे 'खीरा' म्हणावे लागते. येथील ककडी ती आपली तरकाकडी. ती खरबुजाच्या कुळातील, वाळूक तिच्याच गोतावळ्यातले. मृत्युंजय मंत्रातील 'उर्वारुक' म्हणजे काकडी की खरबूज, याविषयीही पंडितांत एकमत नाही. मग भाजीवाल्याला काय दोष द्यावा? वनस्पतिशास्त्र मात्र स्पष्ट आहे. काकडीच्या पेशीत 14 गुणसूत्रे, तर ककडी व खरबूज यांच्या पेशीत 24. म्हणून शेजारी ककडी लावल्याने खीरा कडू होतो, ही समजूत निराधार आहे. या दोघींचा शेजार असतो, सोयरीक होत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. मंडळात वारंवार ऐकू येणारी तक्रार अशी : गावाहून उत्तम बी आणले, मनोभावे लावले, वेलही वाढला, परंतु एक तर फुले येऊन गळाली, नाही तर फळे वाकडी आणि कडू निघाली. निष्कर्ष ठरलेला असतो, 'इथली मातीच वाईट.' आमचे नम्र निवेदन असे आहे, की माती बहुधा निर्दोष असते. चुकते ती तिथी. बी गावाकडचे असते, आणि पंचांगही आपण गावाकडचेच वापरतो.

काकडी मूळची आपल्याच देशातील. तिची रानटी बहीण हिमालयाच्या पायथ्याशी आजही आढळते. तिचे फळ लहान आणि अतिशय कडू असते. येथून काकडी पश्चिमेकडे गेली आणि थंड प्रदेशांत पोहोचली, तेव्हा तेथील माळ्यांपुढे प्रश्न उभा राहिला तो तिला ऊब कशी द्यावी हा. रोमन सम्राट तिबेरियस याच्यासाठी हे फळ चाकांच्या वाफ्यांत वाढवीत, वाफे उन्हात ढकलीत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली नेत, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. इंग्रजी उद्यानग्रंथ 'भरपूर ऊन द्या' असे बजावतात ते याच परंपरेतून. जबलपुरास हा उपदेश तंतोतंत पाळणे म्हणजे मे महिन्यात पाहुण्याला गच्चीवर बसवून शाल पांघरण्यासारखे आहे! आपल्यापुढचा प्रश्न ऊब देण्याचा नसून, उन्हाची धार कशी बोथट करावी हा आहे.

उन्हाने वेलाचे नेमके काय होते, ते समजले की उपाय आपोआप सुचतात.

काकडीच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. मादीफुलाच्या पाठीशी बोटाच्या पेराएवढी चिमुकली काकडी असते. नरफूल नुसत्या देठावर उभे असते. आरंभी बहुधा नरफुलेच येतात आणि गळून पडतात. त्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु दिवस जसजसा मोठा होतो आणि उष्णता चढते, तसतसे वेलावर नरफुलांचे प्रमाण वाढते. लहान दिवस आणि माफक उष्णता मादीफुलांना अनुकूल असते. एप्रिलअखेर लावलेला वेल मे-जूनमध्ये पिवळ्याधमक फुलांनी भरतो आणि फळ मात्र धरीत नाही, याचे मुख्य रहस्य हे आहे.

दुसरी गोष्ट परागणाची. मादीफूल एकच दिवस उमलते, आणि त्याचा खरा मुहूर्त सकाळचा. त्या वेळात मधमाश्यांच्या पुरेशा फेऱ्या झाल्या तर फळ सरळ आणि भरदार होते. फेऱ्या अपुऱ्या पडल्या तर ते एका टोकाला फुगते, दुसऱ्या टोकाला आक्रसते. कडक उष्म्यात परागकणही निकामी होतात. म्हणून सकाळच्या प्रहरी वेलावर कीटकनाशक फवारणे म्हणजे आमंत्रित पाहुण्यांना दारातच काठी दाखविणे होय.

तिसरी गोष्ट कडूपणाची. काकडीच्या कुळात कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये उपजतच असतात. शेकडो पिढ्यांच्या निवडीतून माणसाने फळातील कडूपणा घालविला. परंतु उन्हाचा ताण पडला, मुळाशी कधी कोरडे आणि कधी चिखल झाला, की तो पूर्वजांचा कडूपणा पुन्हा डोके वर काढतो. तो देठाकडे आणि सालीखाली अधिक असतो. म्हणून देठाकडचा भाग काढून टाकण्याची आपल्या घरांतील रीत योग्यच आहे. टोक कापून चोळल्याने कडूपणा फेसातून निघून जातो, यावर मात्र फारसे विसंबू नये. थोडी चव घ्यावी, आणि फळ फार कडू लागल्यास सरळ टाकून द्यावे. कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनी असा कडू रस पिऊ नये असे निक्षून सांगितले. दुधी आणि काकडी एकाच घराण्यातील आहेत, हे विसरून चालणार नाही.

आता पंचांग पाहू. कोकणात समुद्र उष्म्याला आवर घालतो आणि हिवाळाही सौम्य ठेवतो. जूनच्या पूर्वार्धात पाऊस येतो. पुण्याकडे उन्हाळा तापतो खरा, परंतु संध्याकाळी वारा सुटतो. जबलपूर मात्र समुद्रापासून दूर आणि कर्कवृत्ताच्या अगदी लगत वसलेले. येथे जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तर मे महिन्यात दुपारी तो चाळिशी ओलांडतो. काकडीचे बी उगवण्यास 25 ते 30 अंशांची ऊब उत्तम. थंड आणि ओल्या मातीत ते कुजते. म्हणजे जानेवारीत उघड्यावर लावावे तर थंडी, आणि एप्रिलमध्ये लावावे तर भट्टी. या दोहोंच्या मध्ये जी फट उरते तीत आपले बी बसवावयाचे आहे.

आमच्या वहीप्रमाणे अशा दोन वेळा साधतात. पहिली फेब्रुवारीच्या उत्तरार्धातील. जानेवारीअखेर कागदी पेल्यांत किंवा लहान पिशव्यांत बी लावावे, रात्री ते घरात घ्यावे, आणि दोन पाने फुटताच मुळांना धक्का न लावता मातीच्या गोळ्यासह जमिनीत बसवावे. काकडीच्या मुळांना स्थलांतर सोसत नाही. आम्हां बदलीच्या नोकरीवाल्यांना हे वेगळे सांगावयास नको. पेरणीपासून साधारण दीड ते दोन महिन्यांत फळ हाती येते. म्हणजे एप्रिलभर आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कोशिंबीर घरची. त्यानंतर वेलाला निरोप द्यावा. त्याच्याकडून जूनची अपेक्षा करू नये.

दुसरी वेळ पावसाळ्याची. येथे पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात स्थिरावतो. तेव्हा जूनअखेर ते जुलैच्या आरंभी लावलेले बी भाद्रपदाच्या सुमारास फळाला येते. गणपतीच्या नैवेद्याला खमंग काकडी, आणि ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाविना पिकलेल्या भाज्यांत तिचाही मान. आपल्या सणांनी पावसाळी काकडीची नोंद शतकानुशतके करून ठेवली आहे. आपण फक्त पंधरा दिवसांचा फरक ध्यानात घ्यावयाचा.

हे शहाणपण आमचे नव्हे. नर्मदेच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या वाळूत वेल लावणाऱ्यांनी ते आपल्याआधी कितीतरी पूर्वी ओळखले होते. पूर ओसरला, वाळू उघडी पडली, की हिवाळ्यात ते लांब चर खणतात. खालच्या ओलीपर्यंत पोहोचून चरात कुजलेले शेणखत भरतात आणि बी टाकतात. उत्तरेकडील थंड वाऱ्यापासून रोपे वाचावीत म्हणून वाळल्या गवताचे आडोसे तिरपे रोवतात, आणि पुढे वेल पसरू लागला की तेच गवत तापत्या वाळूवर त्याचे अंथरूण होते. विदर्भात अशा मळ्याला 'डांगरवाडी' म्हणतात, हे वर्धा-वैनगंगेच्या काठची मंडळी जाणतातच. वाळू वर तव्यासारखी तापलेली असताना वेल हिरवा कसा, याचे उत्तर तारखेत आहे. ऊन चढेपर्यंत त्याची मुळे खालच्या ओलीला लागलेली असतात. उन्हाळ्याशी झुंजण्याआधी त्याला पाय रोवावयास सवड मिळालेली असते.

नदीचेही पंचांग बदलले आहे, हेही नमूद केले पाहिजे. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरणाचे काम 1974 मध्ये सुरू झाले आणि 1990 च्या सुमारास ते पुरे झाले. धरणाखालच्या पात्रात पाणी केव्हा आणि किती येईल हे आता केवळ ऋतूवर अवलंबून नाही. दरवाजे आणि विद्युत्‌गृह यांचाही त्यात हात असतो. वाळूत वेल लावणाऱ्याला आता आभाळाबरोबर धरणाकडेही पाहावे लागते. पंचांग एकदा पाठ केले म्हणजे संपले, असे नसते.

आता परसाची रचना. चेरीताल या नावाची कथा आपणांस ठाऊक आहे. गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीने राणीताल बांधविला, तिच्या दासीने चेरीताल आणि तिच्या मंत्र्याने अधारताल, असे येथील लोक सांगतात. राणी 1564 मध्ये रणांगणावर पडली. आपल्या वस्तीला नाव मात्र राणीपेक्षा तिच्या चेरीचे मिळाले. तलावाचे नाव सांगणाऱ्या या भागात खणताना आम्हांस तरी चिकण, काळपट मातीच लागते. तिच्यात ओल टिकते, पण पावसाळ्यात पाणी तुंबते. म्हणून उन्हाळी वेल किंचित खोल आळ्यात, आणि पावसाळी वेल हातभर रुंद उंचवट्यावर लावावा. एका आळ्यात तीन बिया टाकून दोन जोमदार रोपे ठेवावीत. आळ्यात घमेलेभर कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरेशी होते.

उन्हाळी वेलाला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली हवी. घराच्या पूर्वेची बाजू यासाठी नामी. ती नसेल तर पश्चिमेकडे जुने धोतर किंवा हिरवी जाळी आडवी बांधावी. वेल मांडवावर चढवावा. फळ मातीला टेकत नाही आणि पानांच्या सावलीत सरळ लोंबते. पाणी पहाटे, मुळाशी आणि नियमित द्यावे. काकडीच्या वजनात शेकडा 95 भाग पाणीच असते. मुळाशी पाण्याची हेळसांड झाली की ती फळात दिसल्यावाचून राहत नाही. बुंध्याभोवती वाळल्या गवताचा चार बोटे थर अंथरला की मातीही थंड राहते आणि पाणीही वाचते. उन्हाळ्यात ज्या वस्तीत नळाची वाट पाहावी लागते, तेथे याचे मोल वेगळे सांगावयास नको.

रोपे कोवळी असताना तांबडे भुंगेरे पाने कुरतडतात. सकाळी दव असताना राख भुरभुरावी आणि भुंगेरे हातांनी वेचावेत. फळमाशीने डंख केलेली फळे वेलावर किंवा कंपोस्टात न ठेवता खोल पुरावीत, अन्यथा तिची पुढची पिढी आपणच पोसतो. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. पानांची दाटी कमी करून वारा खेळता ठेवावा. यापलीकडचे काही उद्भवल्यास अधारतालास 1964 पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा अधिक भरवशाचा.

बी विकत घ्यावयाचे झाल्यास पुडीवरील मजकूर वाचावा. 'जपानी लाँग ग्रीन' हे वाण थंड हवेचे. त्याच्या लांबीला भुलू नये. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'हिमांगी', दापोलीचे 'शीतल', आणि आपला जुना 'पूना खिरा' ही उष्ण हवेच्या ओळखीची मंडळी. पॉलिहाऊससाठी निघालेली काही संकरित वाणे परागणावाचून फळ धरतात. त्यांचे बी महाग असते, आणि त्या फळांतून पुढील वर्षासाठी बी मिळत नाही.

हाच धागा धरून आम्ही आजच्या बोलण्यातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. आपल्या मंडळातील एका वयोवृद्ध काकूंनी अनेक वर्षांपूर्वी रत्नागिरीकडील आपल्या घरचे तवशाचे बी पदराच्या गाठीत बांधून येथे आणले. तवसे म्हणजे कोकणातील ती थोराड पावसाळी काकडी. पिकली की घराच्या आढ्याला टांगून ठेवतात आणि पुढे धोंडस करतात. काकूंच्या परसात ते बी येथल्या पावसात रुळले. प्रत्येक वर्षी लवकर फळलेल्या आणि कडू न निघालेल्या वेलाचेच बी त्यांनी राखले. मध्यंतरी त्यांना भेटावयास गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, गावचं घर बंद झालं. आता तिथं ते बी कुणी लावीत नाही. माझ्या हातून वेल होत नाही. तुम्ही बघा काय ते."

श्रोतेहो, या वाक्याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. काकूंच्या घराण्याचे ते बी, आमच्या माहितीप्रमाणे, आता जबलपुरातील दोन-तीन परसांतच शिल्लक आहे. काकडीचे बी कोरड्या व थंड जागी ठेवल्यास काही वर्षे टिकते. येथील उष्म्यात आणि दमट पावसाळ्यात त्याहून कमी. बी तिजोरीत ठेवण्याची वस्तू नव्हे. ते लावले तरच राहते. आणि परसे तर कमी होत आहेत. ज्या वस्तीत प्रत्येक घरामागे विहीर आणि पेरूचे झाड असे, तेथे आज मजले चढत आहेत.

म्हणून आमची सूचना अशी, की मंडळातील दहा कुटुंबांनी हे बी आपसांत वाटून घ्यावे. परस नसेल तर गच्चीवरील मोठी कुंडी किंवा जुना पिंपही चालेल. बी राखण्याची रीत सोपी आहे. मादीफुलाची कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने हलकेच बांधावी, नरफुलाची कळीही बांधून ठेवावी. सकाळी दोन्ही सोडून पराग स्वहस्ते लावावा, मादीफूल पुन्हा बांधावे आणि देठाला खुणेचा दोरा लावावा. असे केले म्हणजे शेजारच्या बाजारी काकडीशी मधमाशी संकर करीत नाही. ते फळ वेलावर पिवळे-तांबूस होईपर्यंत राहू द्यावे. मग बिया गरासह एक-दोन दिवस भांड्यात आंबवाव्यात, बुडालेल्या बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात, आणि काचेच्या बाटलीत थोड्या राखेसह बंद कराव्यात. बाटलीवर वर्ष लिहावे. एका घरचा वेल गेला तर दुसऱ्या घरचा असावा, हाच दहा घरांचा हेतू.

आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा येथे आले ते 1904 मध्ये स्थापन झालेल्या तोफगाडी कारखान्यात, रेल्वेत, तारखात्यात चाकरीसाठी. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती; त्या वर्षी सीमा बदलल्या आणि आपण 'बाहेरचे' मराठी झालो. त्या पिढीने मराठी येथे टिकविली. परंतु येथील शेजार, येथील बोली आणि येथील हवा ओळखूनच ती टिकली. पुण्याच्या घड्याळावर जबलपुरास चालावयाचे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. मंडळाला पन्नास वर्षे झाली, यात या समजुतीचा वाटा मोठा आहे. काकडीच्या वेलाबद्दल आमचे म्हणणे याहून निराळे नाही. बी जपावे ते आपले, आणि पेरावे ते येथल्या वेळेला.

सभागृहाच्या दाराशी मेजावर दहा पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीत बारा बिया आहेत आणि पुडीवर पेरणीचा काळ लिहिला आहे : जूनअखेर, पहिला पाऊस स्थिरावल्यावर. ज्यांना जबाबदारी घ्यावयाची असेल त्यांनीच पुडी घ्यावी आणि शेजारच्या वहीत आपले नाव लिहावे. पुढील वर्षी गणेशोत्सवात प्रत्येकाने निदान तितक्याच बिया मंडळाकडे परत जमा कराव्यात, एवढे एकच बंधन आहे.